डेअर काउंटी: सरकणाऱ्या वाळूवरची वस्ती

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार. वर्गात शिकवायला अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एखादा जिल्हा सुचव म्हणालास. मी डोळे मिटून नॉर्थ कॅरोलिनातली डेअर काउंटी सांगेन.

तिच्या हद्दीतलं तीन-चतुर्थांश क्षेत्र पाणीच आहे. पश्चिमेची मुख्य भूमी म्हणजे दलदल, अस्वलं आणि नामशेष होत आलेले लाल लांडगे; माणसं मोजकीच. बहुतेक वस्ती आहे ती पूर्वेला, आउटर बँक्स या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर. एका बाजूला अटलांटिक, दुसरीकडे पॅम्लिको साउंड या खाडीचं उथळ पाणी. मधल्या रोआनोक बेटावर मँटिओ, काउंटीचं मुख्य ठाणं.

१९७० च्या जनगणनेत इथे सात हजारही लोक नव्हते, २०२० मध्ये ३६,९१५ भरले. आधी १९३० मध्ये उत्तरेकडून पूल आला, १९६३ मध्ये ओरेगॉन इनलेट या बेटांमधल्या समुद्राच्या वाटेवरचा. पुलांमागून पर्यटक आले, पर्यटकांमागून घरं. उन्हाळ्यात इथे कायमच्या वस्तीच्या कितीतरी पट माणसं असतात, म्हणून नुसत्या जनगणनेच्या आकड्यावरून या काउंटीवरचा भार कळत नाही. मुलांना हे जरूर सांग.

आता खरी गोष्ट. ही बेटं स्थिर नाहीत. वादळात लाटा समोरची वाळू उचलून बेटावरून पलीकडे खाडीच्या बाजूला टाकतात. पुढून झिजायचं, मागून वाढायचं, असं करत बेट मुख्य भूमीकडे सरकतं. ओरेगॉन इनलेट तर १८४६ च्या एका वादळाने फोडलेली वाट आहे. १९३० च्या दशकात सरकारने किनाऱ्यावर वाळूचे उंच बांध घातले, मागे रस्ता झाला, आणि पलीकडे जाणारी वाळू अडली. समुद्र मात्र पुढे येतच राहिला. गेल्या काही वर्षांत इथल्या रोडँथी गावातली कितीतरी घरं लाटांनी ओढून नेली.

मला वाटतं, इथे मागे सरकणं हाच शहाणपणा आहे, आणि तो इथेच एकदा करून दाखवलाय. इथल्या हॅटरस बेटावरचा दीपस्तंभ १८७० मध्ये बांधला तेव्हा समुद्र दीड हजार फूट लांब होता. समुद्र पायथ्याच्या अगदी जवळ आला, तेव्हा १९९९ मध्ये सुमारे ४,८०० टनांचा तो अख्खा मनोरा रुळांवरून २,९०० फूट आत नेला. तडा गेला नाही! घरांसाठी हे इतकं सोपं नाही, हेही खरं. ज्यांची आयुष्यभराची पुंजी त्या वाळूत आहे, त्यांना 'हला' म्हणणं मला जड जातं.

आणखी एक नाव मुलांना सांग: रिचर्ड एथरिज. रोआनोकवर गुलामगिरीत जन्मलेला हा माणूस १८८० मध्ये पी आयलंडच्या जीवरक्षक ठाण्याचा प्रमुख झाला. हाताखाली सगळे कृष्णवर्णीय. १८९६ च्या वादळात त्यांनी फुटलेल्या जहाजावरच्या नऊच्या नऊ जणांना पोहत जाऊन बाहेर काढलं. सुवर्णपदक मिळालं ते १९९६ मध्ये, शंभर वर्षांनी, त्यातलं कुणीच हयात नसताना. मला याचा अजून राग येतो.

मोठा नकाशा वेगळ्या पाकिटातून धाडतोय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. वर्गात काय प्रश्न आले ते कळव.

तुझा,
श्रीकांत