एल पासोच्या ताईंना, मार्गारिटाबद्दल मनापासून आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

टेक्सासमधल्या सीमेवरच्या एल पासोत चांगली मार्गारिटा, म्हणजे टकीला आणि लिंबाचं कॉकटेल, कुठे मिळेल, एवढंच आम्ही विचारलं होतं. तुम्ही बारचं नाव तर सांगितलंतच, पण चांगली ओळखायची कशी, हेही समजावलंत. त्यासाठी हे पत्र.

सीमेवरचा पासो देल नोर्तेचा पूल पायी ओलांडून मेक्सिकोतल्या हुआरेस शहरात जायचं आणि आवेनिदा हुआरेस या रस्त्यावर सरळ चालत राहायचं. तिथेच १९२० पासूनचा केंटकी क्लब हा बार आहे. मार्गारिटा आपल्याकडेच जन्मली असं ते सांगतात. त्याच शहरातल्या टॉमीज प्लेस या बारच्या नावावरही, ती १९४२मध्ये तिथे जन्मली, असा दावा आहे. अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण परतताना पुन्हा तपासणी असते, म्हणून निघण्याआधी व्हिसा आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) दोन्हींच्या तारखा बघायच्या, ही तुमची सूचना लाखमोलाची. पूल ओलांडायचा नसेल तर कॉनकॉर्डिया दफनभूमीशेजारचं १९२७चं एल अँड जे कॅफे.

सगळ्यात मोठे आभार लिंबासाठी. मेक्सिकोतलं ते छोटं, बियांचं, पातळ सालीचं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच! अमेरिकन दुकानात मिळतं ते मोठं, बिनबियांचं पर्शियन लिंबू; त्याला आंबटपणा आणि वास दोन्ही कमी. म्हणून बारमध्ये आधी नजर लिंबांकडे टाकायची. समोर कापून पिळत असतील तर बसायचं. बाटलीतलं गोड-आंबट मिश्रण ओतताना दिसलं तर बिअर मागवायची.

तुमचं मापही चोख आहे: टकीला ५० मिली, संत्र्याची लिकर २० मिली, लिंबाचा रस १५ मिली. टकीलाच्या बाटलीवर ‘१०० टक्के अगावे’ (टकीला जिच्यापासून बनते ती वनस्पती) लिहिलेलं हवं. तसं नसेल तर ती ज्या साखरेपासून बनते त्यातली निम्म्याच्या जवळपास साखर अगावेची नसूही शकते, नियमाने ५१ टक्के पुरते. बर्फाचे मोठे, पाणी न सुटलेले खडे घ्यायचे, शेकर बाहेरून दव धरेपर्यंत, साधारण १२ ते १५ सेकंद हलवायचा. बर्फ आधीच पाझरलेला असला की पेय पाणचट होतं, आणि मग लोक उगाच टकीलाला नावं ठेवतात. लिंबू सालीपर्यंत दाबून पिळलं की कडवटपणा येतो. रस तासन्‌तास काढून ठेवला की वास उडतो.

मीठ जाडं, पेल्याच्या काठाच्या बाहेरच्या बाजूला आणि अर्ध्याच काठाला. आत पडलं की शेवटचा घोट खारट.

बर्फासोबत घुसळून गोठवलेल्या ‘फ्रोझन’ मार्गारिटाला तुम्ही नाक मुरडलंत, ते मात्र आम्हाला थोडं लागलं. ती बनवायचं यंत्र आमच्या डॅलसचं, १९७१मध्ये मारियानो मार्टिनेझ यांनी बनवलेलं. पण तुमचं कारण पटलं: गारठ्यात जिभेला गोडी कमी लागते, म्हणून साखर वाढवतात आणि लिंबू हरवतं. तेव्हा तिकडे आल्यावर ‘एन लास रोकास’ (बर्फाच्या खड्यांवर) म्हणूनच मागवू.

आपले,
डॅलसमधले आम्ही सगळे