विरंगुळा केंद्र बांधलं, पुढचं काय?

संपादकसाहेब, नमस्कार.

आमच्या भागातलं ज्येष्ठांसाठीचं विरंगुळा केंद्र बांधून झालं, रंगही झाला, पण वर जायला नुसता जिना, आणि माझी आई ७८ वर्षांची, गुडघे गेलेले, ती खाली कट्ट्यावरच बसून परत येते. बांधकामाला पैसे मिळतात, पण नंतर रोज कुलूप उघडायला, झाडायला, बीपी तपासायला माणूस लागतो त्याची तरतूद कुणी करायची? पालिकेच्या बजेटमध्ये ज्येष्ठांसाठी खर्चाचा वेगळा हेड ठेवा आणि प्रत्येक वॉर्डात किती ज्येष्ठ एकटे राहतात ते आधी मोजा, कारण पोरं परदेशात आणि पेठेतल्या जुन्या घरात दोघंच म्हातारी हे पुण्यात आता जागोजागी दिसतं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीसाठीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे, तो हवाच, पण बहुतेकांना स्वतःच्या घरातच नीट राहायचं असतं हो. वृद्धापकाळ पेन्शनमधला केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयाला महिना २०० रुपये, त्यात रिक्षाने दवाखान्याच्या दोन फेऱ्यासुद्धा होत नाहीत. म्हणून फिरता दवाखाना आठवड्यातून एकदा तरी यायला हवा, वस्त्यांमध्ये आधी, मग सोसायट्यांमध्ये.

एक वाचक, पुणे