शोध काय लागला, तेही छापा

महोदय,

शहरातील एका मेंदूविज्ञान संशोधकाच्या कारकिर्दीविषयी आपल्या अंकात आलेला वृत्तांत वाचला. शोधनिबंध किती, सायटेशन्स (इतरांच्या निबंधांत मिळालेले संदर्भ) किती, एच-इंडेक्स किती, ‘जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञां’च्या यादीत नाव आल्याचा आनंद, हे सगळे त्यात होते, मेंदूविषयी त्यांना नेमके काय उमगले, हे सांगणारी एक ओळही नव्हती. संशोधकांबद्दल मला आदरच आहे, तक्रार आहे ती मांडणीची.

एच-इंडेक्स हे माप भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये सुचवले. एखाद्याच्या 20 निबंधांना प्रत्येकी किमान 20 वेळा संदर्भ मिळाला, की त्याचा इंडेक्स 20. हिशेब सोपा, पण ज्याने दोनच निबंध लिहिले आणि ते हजारोंनी उद्धृत केले, त्याचा इंडेक्स दोनच राहतो. शिवाय एकाच व्यक्तीचा आकडा गूगल स्कॉलरवर वेगळा आणि स्कोपसवर वेगळा दिसतो, कारण निबंधांच्या या दोन्ही सूचींचा संग्रहच वेगळा. आपण छापलेला आकडा कुठला, याचा उल्लेख नव्हता.

मेंदूविज्ञानात तर मोजणी आणि मोल यांची फारकत वारंवार दिसते. जॉन ओकीफ यांनी 1971 मध्ये जोनाथन दोस्त्रोव्स्की यांच्यासह अवघ्या पाच पानांचा निबंध प्रसिद्ध केला. मोकळेपणी फिरणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातील 76 पेशींची नोंद त्यांनी घेतली होती आणि त्यांतल्या 8 पेशी उंदीर ठरावीक जागी आला की चेतत होत्या. हा ‘प्राथमिक पुरावा’ आहे, असे त्यांनी शीर्षकातच नम्रपणे म्हटले होते. त्याच कामासाठी ओकीफ यांना 2014 मध्ये नोबेल मिळाले. याउलट अल्झायमरवरील एक निबंध 2006 मध्ये ‘नेचर’मध्ये आला, त्याला दोन हजारांहून अधिक संदर्भ मिळाले आणि चित्रांत फेरफार आढळल्याने 2024 मध्ये तो मागे घ्यावा लागला. तोवर ते सारे संदर्भ लेखकांच्या जमेच्याच बाजूला होते.

दोन टक्क्यांच्या यादीबाबतही दरवर्षी गफलत होते. स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी ती स्कोपसच्या माहितीवरून तयार करतात; तो त्या विद्यापीठाने दिलेला बहुमान नव्हे. संपूर्ण कारकिर्दीची यादी निराळी आणि एका वर्षाची निराळी, हेही बातमीत क्वचितच येते.

आकड्यांच्या या हव्यासाची किंमत पुण्याला तरी ठाऊक असावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मधून यूजीसीमान्य नियतकालिकांच्या यादीची झडती घेतली, तेव्हा विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेली, पण मान्यवर सूचींत नसलेली 88 टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट असावीत, असा निष्कर्ष निघाला. बढतीसाठी निबंध मोजले जाऊ लागले, की ते छापून देणारेही उगवतातच.

यापुढे अशा बातमीत आकड्यांसोबत त्यांचा स्रोत आणि तारीख द्यावी, संशोधकाच्या एका महत्त्वाच्या निबंधाचा आशय चार ओळींत सांगावा, आणि त्यात ते पहिले लेखक होते, प्रयोगशाळाप्रमुख या नात्याने शेवटचे, की मधल्या नावांपैकी एक, हेही लिहावे, ही विनंती.

— एक निवृत्त ग्रंथपाल, औंध, पुणे