शेजाऱ्यांची आळीमिळी गुपचिळी

महोदय,

शेजारच्या देशातली निवडणूक हा त्या देशाचा घरचा मामला. शहाण्या सरकारनं निकालानंतर अभिनंदनाचा फोन करावा आणि आपल्या कामाला लागावं, अशा अर्थाचा एका निवृत्त राजदूतांचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे, पण तो राजधानीत बसून लिहिलेला आहे. माझी नोकरी सरहद्दीवरच्या गावात झाली, म्हणून हे पत्र.

बोट्स्वानातल्या फ्रान्सिसटाउन इथं सरकारी माध्यमिक शाळेत मी गणित शिकवत असे. तिथून झिम्बाब्वेची सरहद्द गाडीनं तासाभरावर. पलीकडे प्लमट्री, आणखी पुढं बुलावायो. २००८ साली आमच्या गल्लीत कपडे इस्त्री करायला येणाऱ्या बाई बुलावायोच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. महिन्याच्या पगारात शाळेत जायचं बसभाडंही सुटेना, म्हणून त्या इकडे आल्या. त्यांच्यासारख्या कितीतरी. कुणी विणलेले टेबलक्लॉथ विकायचं, कुणी धुणंभांडी करायचं. शनिवारी बसच्या टपावर मक्याचं पीठ, तेलाचे कॅन, साखर, साबण असं सगळं बांधून माणसं परत जायची. त्या जुलैत झिम्बाब्वेची महागाई सरकारी आकड्यानुसारच २३ कोटी टक्क्यांवर गेली होती. आकडा वाचून वर्गातली मुलं हसली. 'टक्के म्हणजे शंभरात किती' हे मी नुकतंच शिकवलं होतं ना!

२९ मार्च २००८ ला तिथं मतदान झालं. रॉबर्ट मुगाबे १९८० पासून सत्तेवर होते. या बाई मत द्यायला मुद्दाम गावी गेल्या आणि आल्या त्या वेगळ्याच उत्साहात. प्रत्येक केंद्राच्या दारावर त्या केंद्राचा निकाल चिकटवला होता आणि लोक मोबाइलवर त्याचे फोटो काढत होते. ही नवी तरतूद शेजाऱ्यांच्या मध्यस्थीतूनच आली होती. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या 'सादेक' या संघटनेनं २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो म्बेकी यांना मध्यस्थ नेमलं होतं, आणि त्यांच्या देखरेखीखालच्या वाटाघाटींत कायद्यात हा बदल झाला. म्बेकींवर मी पुढे टीका करणार आहे, म्हणून याचं श्रेय आधीच देऊन टाकते.

दारावरच्या त्या कागदांची बेरीज कुणीही करू शकत होतं. म्हणूनच सरकारची पंचाईत झाली. संसदेत मुगाबेंच्या पक्षानं पहिल्यांदाच बहुमत गमावलं. अध्यक्षपदाचा निकाल मात्र महिनाभर बाहेर येईना. तो २ मे रोजी जाहीर झाला. विरोधी नेते मॉर्गन त्स्वांगिराई ४७.९ टक्के, मुगाबे ४३.२. कुणालाच निम्मी मतं नाहीत, म्हणून दुसरी फेरी.

निकाल असा अडकलेला असताना झांबियाचे अध्यक्ष लेव्ही म्वानावासा यांनी १२ एप्रिलला लुसाकामध्ये 'सादेक'ची तातडीची शिखर बैठक बोलावली. मुगाबे गेलेच नाहीत. म्बेकी जाताना झिम्बाब्वेच्या राजधानीत, हरारेला थांबले, मुगाबेंना भेटले आणि बाहेर येऊन पत्रकारांना म्हणाले, की याला पेचप्रसंग म्हणता येणार नाही, ही नेहमीची निवडणूक प्रक्रिया आहे. शेजारी मुगाबे हसतमुखानं उभे. ते दृश्य आम्ही टीव्हीवर पाहिलं. इस्त्रीवाल्या बाईंनी काही न बोलता पुढचा शर्ट घेतला.

त्याच महिन्यात एक चिनी जहाज झिम्बाब्वेसाठी बंदुकीच्या गोळ्या आणि इतर शस्त्रं घेऊन दक्षिण आफ्रिकेच्या डर्बन बंदरात आलं. तिथलं सरकार म्हणालं, कागदपत्रं ठीक आहेत, आम्ही कसे अडवणार? गोदी कामगारांनी माल उतरवायला साफ नकार दिला, एक बिशप कोर्टात गेले, आणि जहाज माल न उतरवताच तिथून निघालं. म्वानावासांनी किनाऱ्यावरच्या इतर देशांनाही त्याला थारा देऊ नका असं सांगितलं. परराष्ट्र धोरण कधीकधी हमालही ठरवतात, हे राजदूतसाहेबांच्या लेखात कुठे बसतं?

दुसरी फेरी २७ जूनला. मधल्या काळात विरोधकांच्या कार्यकर्त्यांना इतकी मारहाण झाली, इतकी माणसं मारली गेली, की त्स्वांगिराईंनी पाच दिवस आधी माघार घेतली आणि डच वकिलातीचा आसरा घेतला. एकट्याच्या शर्यतीत मुगाबेंना ८५ टक्क्यांवर मतं पडली. २९ जूनला निकाल, त्याच दिवशी शपथविधी, आणि लगेच विमान थेट इजिप्तला, आफ्रिकी संघाच्या बैठकीला. म्हणजे शपथेची शाई वाळायच्या आत शेजाऱ्यांच्या पंगतीत पान मांडून हजर.

तिथं काय झालं? 'सादेक'च्या निरीक्षकांनी स्पष्ट म्हटलं होतं, की हा निकाल जनतेच्या इच्छेचं प्रतिबिंब नाही. तरी बहुतेक नेते गप्प. गॅबनच्या ओमर बोंगोंनी तर मुगाबेंची उघड बाजू घेतली. सर्वांत परखड बोलू शकले असते ते म्वानावासा. त्यांना तिथंच पक्षाघाताचा झटका आला आणि ऑगस्टमध्ये पॅरिसच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. उरला आमचा बोट्स्वाना. लोकसंख्या तेव्हा वीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्यापेक्षाही कमी. त्याचे उपाध्यक्ष मोम्पाटी मेराफे यांनी भर बैठकीत मागणी केली, की या सरकारला 'सादेक' आणि आफ्रिकी संघाच्या बैठकांना बसू देऊ नये. अध्यक्ष इयान खामा 'सादेक'च्या ऑगस्टच्या शिखर परिषदेला गेलेच नाहीत, कारण मुगाबे येणार होते.

आता मी तिथलं मीठ खाल्लं म्हणून बोट्स्वानाच्या आरत्या ओवाळते, असं कुणी समजू नये. हाच देश कागदपत्रं नसलेल्या झिम्बाब्वेच्या लोकांना ट्रकमध्ये भरून सरहद्दीवर नेऊन सोडत होता. २००३ पासून सरहद्दीवर विजेचं कुंपण घालायला घेतलं होतं. कारण सांगितलं, गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग. शाळेच्या स्टाफरूममध्येही 'या लोकांनी चोऱ्या वाढवल्या' हे रोजचं बोलणं. खामांच्या परखडपणात तत्त्व किती आणि लोंढ्याचा वैताग किती, हे मला तरी सांगता येणार नाही. पण माझा मुद्दा त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढतो. दडपलेल्या निवडणुकीचा हिशेब शेजाऱ्याच्या दारात येतोच. २००८ च्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत परदेशी लोकांविरुद्ध दंगली उसळल्या, साठांवर माणसं मेली. वर्षअखेरीस झिम्बाब्वेत कॉलरा पसरला, त्यात चार हजारांहून जास्त दगावले आणि साथ लिम्पोपो नदी ओलांडून दक्षिण आफ्रिकेतल्या मुसिनापर्यंत आली. घरचा मामला म्हणे!

म्बेकींच्या बाजूनं बोलणारे सांगतात, की त्यांची शांत मुत्सद्देगिरी शेवटी फळाला आली. सप्टेंबरमध्ये सत्तावाटपाचा करार झाला, फेब्रुवारी २००९ मध्ये त्स्वांगिराई पंतप्रधान झाले. झाले खरे. पण अध्यक्ष मुगाबेच राहिले, आणि सैन्यही त्यांच्याच हातात. शिवाय स्वातंत्र्यलढ्यातलं नातं, व्यापार, शेजारी कोसळला तर काय ही धास्ती, ही सगळी कारणं मला समजतात. कामगार संघटनांतून उभा राहिलेला त्स्वांगिराईंचा पक्ष मुक्तिलढ्याच्या पक्षाला हरवतो, हे चित्र स्वतः मुक्तिलढ्यातून आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्ताधाऱ्यांना फारसं आवडणारं नव्हतं, असाही माझा कयास आहे.

समजत नाही ती एकच गोष्ट, आणि हे पत्र तिच्यासाठीच आहे. २००२ मध्येही मुगाबेंनी अशीच एक वादग्रस्त निवडणूक जिंकली होती. तेव्हा म्बेकींनी सिसी खाम्पेपे आणि दिकगांग मोसेनेके या दोन न्यायाधीशांना पाहणीसाठी पाठवलं. त्यांनी अहवाल दिला, की मतदानापूर्वीच्या काळातली परिस्थिती पाहता ही निवडणूक मुक्त आणि न्याय्य म्हणता येणार नाही. त्याच वेळी देशाच्या अधिकृत निरीक्षक पथकानं निवडणूक वैध असल्याचं जाहीर केलं होतं. न्यायाधीशांचा अहवाल कपाटात गेला. एका साप्ताहिकानं तो मागितला. तीन अध्यक्षांच्या कारकिर्दीत सरकार कोर्टात नाही नाहीच म्हणत राहिलं. अखेर नोव्हेंबर २०१४ मध्ये तो बाहेर आला. बारा वर्षांनी! म्हणजे २००८ मध्ये हरारेला 'पेच नाही' म्हणणाऱ्या गृहस्थांकडे आपल्याच न्यायाधीशांचं लेखी मत सहा वर्षं पडून होतं. याला तटस्थपणा कसं म्हणायचं? साक्षीदारानं साक्ष दडवली, इतकंच.

याउलट २०२३ चं पाहा. मुगाबे गेले, एमर्सन म्नांगाग्वा आले. पुन्हा निवडणूक, पुन्हा तक्रारी. 'सादेक'च्या निरीक्षकांचे प्रमुख होते झांबियाचे माजी उपाध्यक्ष नेव्हर्स मुम्बा. मतदान संपून दोन दिवसही झाले नव्हते, तोच त्यांनी प्राथमिक निवेदन वाचून दाखवलं, की या निवडणुकीच्या काही बाबी झिम्बाब्वेच्याच राज्यघटनेत आणि 'सादेक'च्या निकषांत बसत नाहीत. हरारेतून त्यांच्यावर आणि झांबियाच्या अध्यक्षांवर शिव्यांचा पाऊस पडला. मुम्बांनी निवेदन मागं घेतलं नाही. शपथविधीला शेजारचे मोजकेच राष्ट्रप्रमुख गेले. त्यातून सत्ता बदलली का? नाही. पुढच्याच वर्षी म्नांगाग्वा 'सादेक'चे अध्यक्षही झाले. तरी ते निवेदन छापील स्वरूपात आहे, बुलावायोच्या शाळेतली शिक्षिकाही ते वाचू शकते.

म्हणून माझं राजदूतसाहेबांना म्हणणं इतकंच: अभिनंदन करायचं तर खुशाल करा. देशाच्या गरजा असतात. ७ जानेवारी २०२४ ला बांगलादेशात मुख्य विरोधी पक्षाच्या बहिष्कारात निवडणूक झाली. दुसऱ्याच दिवशी आपल्या पंतप्रधानांनी शेख हसीनांना फोन केला. त्यामागचं गणित मला कळतं. पण आपल्या निवडणूक आयोगाची माणसंही त्या वेळी निरीक्षक म्हणून ढाक्यात होती. त्यांनी मतदान केंद्रांवर काय पाहिलं, हे मला कुठल्याही वर्तमानपत्रात वाचायला मिळालं नाही. ऑगस्टमध्ये हसीना देश सोडून विमानानं दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उतरल्या, तेव्हा टीव्हीवर सगळे तज्ज्ञ 'अचानक' म्हणत होते.

आयोग इतर देशांतही निरीक्षक पाठवत असतो. तिकीट आपल्या करातून निघतं. ते परत आल्यावर काय लिहून देतात, ते कुठे ठेवलं जातं आणि आठवडाभरात आयोगाच्या संकेतस्थळावर का येऊ नये, एवढं आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधींनी विचारावं. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी स्वतः करीन. मसुदा तयार आहे, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर तेवढी आणायची आहे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
मिरज