ताईस, पुण्याला जाण्याआधी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रात्रीचे साडेदहा वाजलेत. मुक्कामाची एसटी मारुतीच्या देवळासमोर लावली आहे. ड्रायव्हर काका जेवून पारावर आडवे झाले. मी गाडीतच पुढच्या बाकावर बसून मांडीवर पॅड घेऊन लिहितोय. घरी लिहायला बसलो तर तू समोर असतेस, आणि या पत्रातलं तुझ्या तोंडावर बोलायचा धीर मला दोन वर्षं झाला नाही.

परवा मामा पेढे घेऊन आले तेव्हा मी म्हणालो, "आमची ताई पहिल्यापासूनच हुशार. दहावीला ९१ टक्के, आता पुण्याचं सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज." तू कप उचलत होतीस. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस आणि आत गेलीस. मधली अकरावी मी गाळली, हे तुला कळलं. मी ती कुणासाठी गाळली, हेही तुला कळलं असावं. तुझी लाज झाकायला नाही गाळली बाळा. माझी झाकायला गाळली.

आधी तुला माहीत असलेलंच सांगतो, कारण मी ते कधी माझ्या तोंडाने कबूल केलेलं नाही. दहावीपर्यंत तू मराठी शाळेत. अकरावी सायन्सला शहरात टाकलं, पतसंस्थेचं कर्ज काढून क्लास लावला. सगळे लावत होते म्हणून लावला. त्या क्लासात मार्कांप्रमाणे बॅच पाडायचे. पहिल्या घटक चाचणीत फिजिक्सला २५ पैकी ४ आले आणि तुला शेवटच्या बॅचमध्ये बसवलं. दिवाळीला तू घरी आलीस तेव्हा तुझं मनगट माझ्या बोटांत मावत होतं. आईने विचारलं जेवत नाहीस का, तर म्हणालीस, "मेसला गर्दी असते." मेसला गर्दी नव्हती. मुली आपापसात पेपरावर बोलायच्या आणि तुला ते ऐकवत नव्हतं, हे मला खूप नंतर समजलं.

त्या दिवाळीत मी काय केलं? भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी तुला न विचारता आर्ट्सच्या प्रवेशाची चौकशी करून आलो. फॉर्म आणून टीव्हीच्या खाली ठेवला. आर्ट्स वाईट म्हणून मी हे सांगत नाही. आपल्या डेपोतल्या वाहतूक नियंत्रक मॅडम आर्ट्सच्याच, आणि त्यांच्याइतकं नीट काम करणारं माणूस मी पाहिलं नाही. तुला ते हवं असतं तर मी हातात पेढा दिला असता. पण तुला ते नको होतं, आणि मी तुला विचारलंच नाही. वर म्हणालो, "झेपत नसेल तर पैसे पाण्यात कशाला घालायचे?" तू काही बोलली नाहीस. तो फॉर्म तू उचलून गादीखाली सारलास. तो मला पुढे मार्चमध्ये सापडला.

आता जे तुला माहीत नाही ते. बारावीला मी इंग्रजीत दोनदा नापास झालो. पहिल्या वेळी ३१, दुसऱ्या वेळी २८. पास व्हायला ३५ लागतात. आजोबा म्हणाले, आपल्याला ते जमणारं नाही, दहावीवर कंडक्टरची भरती आहे ती भर. भरली, लागलो, आणि नोकरीने आपल्याला कधी उपाशी ठेवलं नाही. पण तुझ्या मार्कलिस्टवर ४ पाहिला तेव्हा मला तुझा फिजिक्सचा पेपर दिसलाच नाही. मला माझा इंग्रजीचा पेपर दिसला. मी नापास झालो म्हणून तूही होणार, हे मी धरूनच चाललो. तू हरायच्या आधी मी हरून बसलो होतो. बापाने असं करू नये. मी केलं. मला माफ कर.

अकरावी काठावर पास होऊन तू परत आलीस आणि म्हणालीस, "पप्पा, मी इथंच बारावी करते, क्लास नको." तेव्हा मी नाही म्हणालो नाही, एवढंच माझं पुण्य. पुढचं सगळं तुझं आणि जेऊरच्या सरांचं. सर रिटायर झालेले, फी घेत नव्हते. पहिल्या दिवशी मी तुला सोडायला आलो होतो, ओट्यावर बसलो होतो. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. विचारलं, "एसटीने कचकन ब्रेक मारला की उभा माणूस पुढं का जातो?" तू लगेच म्हणालीस, "जडत्व." आणि पुढे दोन मिनिटं न अडखळता समजावून सांगितलंस. सर म्हणाले, "पोरी, हेच इनर्शिया. तुला फिजिक्स येतंय. तुला फक्त त्याचं इंग्रजी नाव ऐकायची सवय नाही." सगळं वर्ष आम्ही ज्याला बुद्धीचा प्रश्न म्हणत होतो, तो असा दोन मिनिटांत उलगडला. तेवीस वर्षं मी चालत्या गाडीत उभा राहून तिकिटं काढतोय, ब्रेक लागला की दांडी धरतोय. त्या दिवशी घरी जाताना तूच मला सांगितलंस की गाडी थांबते पण आपलं अंग पुढे जात राहतं, म्हणून.

मग ती दोन रकान्यांची वही आली. डावीकडे त्वरण, संवेग, विस्थापन, अपवर्तन. उजवीकडे अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम, डिस्प्लेसमेंट, रिफ्रॅक्शन. नववी-दहावीची जुनी बालभारतीची पुस्तकं तू माळ्यावरून काढलीस आणि आधी त्यात वाचून मग इंग्रजी पुस्तक घ्यायचीस. शेजारचे हसले. बारावीची पोरगी नववीचं पुस्तक वाचते म्हणून. मलाही आत कुठंतरी वाईट वाटलं होतं. पण इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, सीईटीत, वीस टक्के प्रश्न अकरावीचे असतात, ऐंशी टक्के बारावीचे. अकरावीचं त्रिकोणमिती आणि गतीचे नियम कच्चे ठेवून बारावीचं पुढं सरकतच नाही. तू मागं गेलीस म्हणून पुढं जाता आलं.

गणिताचं मात्र सोपं नव्हतं. नव्वद मिनिटांत पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क. डिसेंबरमध्ये तुझे जेमतेम बावीस प्रश्न सोडवून व्हायचे आणि वेळ संपायची. मी पहाटेच्या गाडीला निघायचो तेव्हा तू मोबाइलवर घड्याळ लावून बसलेली असायचीस, आणि मी चपला हातात घेऊन बाहेर पडायचो. फेब्रुवारीत तीस झाले. एप्रिलमध्ये चाळीसच्या वर गेलीस. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत म्हणून उरलेल्यांनाही शेवटच्या दोन मिनिटांत टिक करायची, हेही तू सरांकडून शिकलीस. ९८.१ पर्सेंटाइल आले त्या दिवशी तू पहिल्यांदा सरांना फोन लावलास, मग मला. ते बरोबरच केलंस.

कॅपच्या, म्हणजे कॉलेजांचे पर्याय भरायच्या प्रवेशफेऱ्यांच्या वेळी मी पुन्हा घाबरलो. सायबर कॅफेवाला म्हणाला, गेल्या वर्षीचा कटऑफ बघून भरा, उगाच मोठं नाव वर टाकू नका. तू म्हणालीस, जे हवं आहे ते एक नंबरला टाकायचं, वर टाकल्याने खालचं जात नाही. सीओईपी सिव्हिल एक नंबरला टाकलंस. पहिल्या फेरीत चौथा पर्याय लागला. मी म्हणालो घेऊन टाकू. तू बेटरमेंटला, म्हणजे वरच्या पर्यायासाठी पुढच्या फेरीला गेलीस. दुसऱ्या फेरीत नाव आलं तेव्हा मी स्टँडवर कंट्रोलर केबिनसमोर उभा होतो, वेबिल हातात. दोन मिनिटं गाडी उशिरा सोडली. सेवेत असं मी क्वचितच केलं असेल.

फीची काळजी करू नकोस. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर दोन्हींच्या तीन-तीन झेरॉक्स निळ्या फाइलमध्ये आहेत. मूळ कागद कुणालाही देऊन येऊ नकोस, पोच घेतल्याशिवाय तर नाहीच. होस्टेल आणि मेसचं आपल्याला बघायचं आहे, त्याची सोय केली आहे. पतसंस्थेचं जुनं कर्ज जूनमध्ये फिटलं.

तू सिव्हिल का घेतलंस ते तू सरांना सांगत होतीस, मी ऐकलं. उजनी धरण इतकं जवळ असून उन्हाळ्यात आपल्या वस्तीवर टँकर का येतो, हा तुझा प्रश्न. त्यावर सरांनी तुला सांगितलं की तुझं कॉलेज १८५४ साली सुरू झालं तेच बांधकाम, कालवे, धरणं यांवर काम करणारी माणसं घडवायला, आणि विश्वेश्वरय्या तिथलेच विद्यार्थी. खडकवासल्याला पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडणारी दारं त्यांनी १९०३ मध्ये बसवली. तू ते ऐकताना डोळे मोठे केलेस. चौथीत पाऊस मोजायचं भांडं बनवलंस तेव्हा तुझे डोळे असेच झाले होते.

तिथं तुझ्या वर्गात जेईईची तयारी करून आलेली, लहानपणापासून इंग्रजीत शिकलेली मुलं असतील. पहिल्या सेमिस्टरला पुन्हा कुठल्या तरी विषयात ४ येऊ शकतात. आले तर त्याच रात्री मला फोन कर. मी ड्यूटीवर असलो तरी गाडी थांबली की उचलेन. या वेळी मी कुठलाही फॉर्म आणणार नाही. आणि कुणी विचारलं अकरावी कशी गेली, तर सांग. मराठी शाळेतून आलेली एखादी मुलगी होस्टेलला उशीत तोंड खुपसून पडलेली दिसेल, तिला तर नक्की सांग. मीही मामांना उद्या फोन करून सांगणार आहे, फॉर्मसकट.

तुझी ती वही आईने बॅगेत शेंगाचटणीच्या डब्याखाली ठेवली आहे, तेल सांडलं तर म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. स्वारगेटला उतरलं की तिथूनच मेट्रो आहे, शिवाजीनगरला उतरायचं, कॉलेज तिथून जवळ.

रविवारची सहाची पुणे गाडी मी ड्यूटी बदलून मागून घेतली आहे. साहेबांनी कारण विचारलं नाही, त्यांना माहीत होतं. तू ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीला बस. तुझं अर्धं तिकीट मी काढेन, पैसे मी भरेन, आणि गाडीत आपण या पत्राबद्दल काही बोलायचं नाही. लोक असतात.

तुझे,
पप्पा