गाडी परत करण्याबाबत

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

वि. वि. फोनवर हा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो आणि आईची झोप उडते, म्हणून लिहूनच कळवते. मी घेतलेली सेकंडहँड गाडी दिवाळीला साताऱ्यात येणार नाही. विक्रेत्याने ती परत घेऊन पैसे द्यावेत, यासाठी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे.

गाडी चालते, वरवर पाहता काहीच उणे नाही. परंतु मीटरवर ४१,००० किलोमीटर असताना क्लच पेडलचे नवे कव्हर काढल्यावर आतले रबर पार झिजून गुळगुळीत झालेले दिसले, तेव्हा मला शंका आली आणि मी कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसच्या जुन्या नोंदी मागवल्या. २०२१ मध्येच ती ८८,००० किलोमीटर धावलेली होती. "आमच्याकडे आली तेव्हा मीटर असाच होता," असे विक्रेता साळसूदपणे सांगतो. पावतीवर मात्र त्याच्याच शिक्क्यानिशी ४१,००० लिहिले आहे. रिडिंग मागे फिरवता येते, ब्रेकची आणि सस्पेन्शनची झीज फिरवता येत नाही, आणि अशा गाडीतून तुम्हाला खंबाटकी उतरवण्याची माझी तयारी नाही.

बाबा, कोर्टकचेरीच्या नावानेच तुम्हाला धास्ती वाटते, हे मी जाणते. पण पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगात शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि दोन वर्षांची मुदत असल्यामुळे आपण वेळेत आहोत. निकालाला वेळ लागेल, तो लागू दे. तुमचा लाखाचा चेक वाया गेला असे कृपया मनात आणू नका. निकाल काहीही लागला तरी तो मी भरून देणार आहे.

आईच्या गुडघ्याच्या तपासणीला नेहमीचे टॅक्सीवाले काका दारापर्यंत येतील, पुढची सीट मागे सरकवून उशीही ठेवतील. मी बोलून ठेवले आहे. त्या निळ्या गाडीत मांडीवर बसवून तुम्ही माझ्या हातात स्टिअरिंग द्यायचात, तेव्हापासून तुम्हा दोघांना माझ्या गाडीतून फिरवायची माझी हौस आहे आणि ती मी पुरवणारच, थोडी उशिरा.

तोवर एफडी मोडायची नाही. विक्रेत्याला परस्पर फोन करायचा नाही. दादाकाकांना मध्ये घालायचे नाही, ते प्रेमापोटीच भांडतील, पण आपले प्रकरण बिघडेल. चेक वटल्याची नोंद असलेल्या पासबुकाच्या पानाची झेरॉक्स तेवढी सोमवारच्या कुरिअरने पाठवा, आणि दुकानात बाबांनी जावे, आईने जिना उतरू नये.

तुमची,
मनू