रंगावर जाऊ नकोस

चि. गणेश,
अनेक आशीर्वाद.

जुनं ट्रॅक्टर कोणतं घ्यायचं यावरून तुझं अन् बाबांचं फोनवर रोज वाजतंय, म्हणून शेवटी मीच लिहायला बसले. त्यांना ५० एचपीचंच पाहिजे, तुला मिनी. अरे, काम काय आहे ते तर बघा! मोसंबीच्या ओळींतलं गवत कापायचं, अन् खालच्या रानात तलावाचा गाळ टाकलाय तो ब्लेडनं सारखा करायचा. पन्नासचं धूड ओळीत घातलं तर फांद्या ओरबाडत जाईल. मिनी गवताला चांगलं, पण गाळाच्या ढिगाला वजन कमी पडतं, चाकं जागेवरच फिरतात. मधलं बघ. महिंद्रा २६५ आहे ३० एचपीचं, मॅसी १०३५ आहे ३६ चं. दोन्हींचे पार्ट जालन्यात मिळतात, मिस्त्रीही हातचे आहेत.

नवा रंग मारलेला दिसला की मी तर आधी संशयच घेते. मीटरच्या तासांवरही विसंबू नकोस. ट्रॉलीचा हूक बघ. पिन बसते ते भोक घासून लांबट झालं असेल तर त्यानं कारखान्याचा ऊस वाहिलाय, असं समज. ओझं ओढून ओढून क्लच अन् गिअरबॉक्स खिळखिळे झालेले असतात. असलं स्वस्तात मिळालं तरी नको.

पोहोचल्याबरोबर इंजिनावर हात ठेव. गरम लागलं तर मालकानं तू यायच्या आधीच चालू करून ठेवलंय. थंड होईपर्यंत थांब, मगच सेल्फ मार. निळा धूर थांबेना तर ऑइल जळतंय, सरळ माघारी ये. काळा धूर बहुतेक एअर क्लीनरचा नाही तर नोझलचा, तो खर्च झेपण्यासारखा असतो.

मागं रोटाव्हेटर अडकवून उचलायला लाव, इंजिन बंद कर अन् तिथंच चहा पी. तेवढ्यात ते खाली बसलं तर लिफ्टमध्ये गळती आहे. चालू इंजिनावरही लिफ्ट डुलत असेल तर रान सारखं व्हायच्या ऐवजी लाटा पडतील. अन् क्लच डबल आहे का विचार. दाट गवतात ट्रॅक्टर थांबवलं तरी पीटीओ, म्हणजे गवताचा कटर फिरवणारा मागचा दांडा, फिरत राहायला पाहिजे. सिंगल क्लचमध्ये पाय दाबला की कटरही थांबतो, मग बस खाली वाकून गवत ओढत.

कागदांचं बाबा बघतील, पण आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का ते तूच वाच. असेल तर कर्ज देणाऱ्याची एनओसी (ना-हरकत पत्र) अन् बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा द्यायचं नाही. नावावर करायला फॉर्म २९ अन् ३० वर मालकाच्या सह्या घे. चेसिस नंबर लोखंडावरचा वाच, कागदावरचा नाही.

मामाला सोबत ने. तो मिस्त्री माणूस, पण भिडस्त आहे. भाव तू कर. टायर गुळगुळीत असतील तर त्याचे पैसे आधी कापून घे. अन् ग्रीसगन नवी घेऊ नकोस, कोठ्यात आहे.

तुझी,
आई